"सर, तो गेम कव्हा येणार?"

बालमित्रांनो, दिवाळी कधी आहे हे दिनदर्शिकेत बघितलं की कळतं. परीक्षा कधी आहे हे तर न बघताच कळतं! पण एक प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर वर्षानुवर्षं कुठल्याच दिनदर्शिकेत सापडलं नाही. आमच्या घनसावंगीत मधल्या सुट्टीत तो ऐकू येतो, बसस्टँडवर ऐकू येतो, मोबाईलच्या दुकानापुढे तर हमखास ऐकू येतो. "सर, जीटीए सिक्स कव्हा येणार?"

विचारणारा कधी पाचवीतला असतो, तर कधी कॉलेजात जाणारा त्याचा दादा. हाच प्रश्न मुंबईत, लंडनमध्ये आणि टोकियोतही लोक एकमेकांना विचारत आले आहेत. एका व्हिडिओ गेमच्या पुढच्या भागासाठी जगभरातले लाखो लोक एवढे का ताटकळले? त्यांना कसली आशा आहे, आणि धास्ती कसली वाटते? चला, आज याच वाट पाहण्याची गोष्ट समजून घेऊ.

एसटी आणि सायकल

आधी हे 'ओपन वर्ल्ड', म्हणजे खुल्या जगाचे खेळ काय असतात ते पाहू. समजा, तुम्ही घनसावंगीहून जालन्याला एसटीने निघालात. रस्ता ठरलेला, थांबे ठरलेले. मध्येच मोसंबीची बाग दिसली म्हणून गाडी तिकडे वळवता येत नाही. जुने व्हिडिओ गेम बहुतेक असेच होते. डावीकडून निघायचं, उड्या मारत उजवीकडे पोचायचं.

खुल्या जगाचा खेळ म्हणजे सुट्टीच्या दिवशी हाती आलेली सायकल! मनात आलं तर जांब समर्थला जा, समर्थ रामदासांचं जन्मगाव बघा. नाही तर गोदाकाठ गाठा. नाही तर वाटेत कापसाच्या शेताशी थांबून गप्पा मारा. 'आधी हे, मग ते' अशी सक्ती नाही. पडद्यावर एक अख्खं शहर किंवा देश असतो. तिथे दिवस-रात्र होते, पाऊस पडतो, माणसं आपापल्या कामाला जातात. त्यात एक गोष्टही चालू असते, पण ती पुढे कधी न्यायची हे खेळणारा ठरवतो.

जपानच्या शिगेरू मियामोतो यांनी १९८६ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ आणला. लहानपणी ते क्योटोजवळच्या सोनोबे गावात राहत. डोंगर, झाडी, तळी पालथी घालणं हा त्यांचा उद्योग. एकदा त्यांना एक गुहा सापडली, आणि कंदील घेऊन ते आत शिरले. आपल्याला वाटलं ते इतरांनाही वाटावं, या इच्छेतून त्यांचा खेळ जन्मला. म्हणजे बघा, खुल्या जगाचं बी कॉम्प्युटरच्या दुकानात नाही, तर खेड्यातल्या पोराच्या भटकंतीत सापडलं!

बाळ सातवीत गेलं!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जीटीए म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो'. अमेरिकेत मोटारचोरीच्या गुन्ह्याला असं म्हणतात. नावावरूनच कळतं, की यात गुन्हेगारांच्या गोष्टी आहेत आणि तो मोठ्या माणसांसाठीच बनवलेला आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

या मालिकेचा 'व्हाइस सिटी' हा खेळ २००२ मध्ये आला. घरी मामा किंवा काका असतील तर त्यांना हे नाव विचारून बघा. नेट कॅफेत तासावर पैसे भरून तो खेळलेले कितीतरी मामा आज स्वतःच्या मुलांना अभ्यासाला बसवत आहेत! पुढे १७ सप्टेंबर २०१३ रोजी पाचवा भाग आला. त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. आणि मग... मग सहावा भाग आलाच नाही.

त्या सप्टेंबरात जन्मलेलं बाळ रांगायला लागलं, बालवाडीत गेलं, पहिलीत आलं आणि बघता बघता सातवीत जाऊन बसलं. तरी सहावा भाग नाही! 'रॉकस्टार' ही कंपनी रिकामी बसली नव्हती. २०१८ मध्ये तिने 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा दुसरा प्रचंड खेळ काढला. पाचवा भागही ती नव्या नव्या यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा आणत राहिली. सहाव्या भागाचं काम चालू आहे हे तिने फेब्रुवारी २०२२ मध्ये कबूल केलं. त्याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. गोष्ट पुन्हा व्हाइस सिटीतच घडणार, आणि लुसिया व जेसन अशी दोन मुख्य पात्रं असणार, हे तेव्हापासून हळूहळू कळत गेलं.

आधी कंपनीने २०२५ साल सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये ते बदलून २६ मे २०२६ ही तारीख दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही बदलली आणि १९ नोव्हेंबर २०२६ ही नवी तारीख जाहीर केली. काम नीटनेटकं पुरं करायला आणखी वेळ हवा, एवढंच कारण सांगितलं.

वाट बघणाऱ्यांनी यावर एक विनोदच तयार केला. जगात कुठेही नवल घडलं की ते म्हणतात, "घ्या, जीटीए सिक्सच्या आधी हे झालं!" आमच्याकडची पोरंही काही कमी नाहीत. अवकाळी पाऊस पडला तरी म्हणतात, "सर, जीटीए सिक्सच्या आधी पाऊस आला!"

शेळी विहिरीत पडली तर?

एवढा वेळ लागतो तरी कशाला? एक गंमत करून बघू. आपल्याला एका खेड्याचा खेळ बनवायचा आहे. त्यात फक्त तीन वस्तू आहेत: एक विहीर, एक शेळी आणि एक सायकल.

खेळणाऱ्याने शेळी सायकलवर बसवली तर काय होईल? सायकल विहिरीत ढकलली तर? शेळीच विहिरीत पडली तर ती पोहेल की बुडेल? पाऊस आला तर ती आडोशाला जाईल का? रात्री कुणी विहिरीत डोकावलं तर पाण्यात चंद्र दिसेल का? वस्तू तीनच, पण प्रश्न बघा किती झाले! आता तीनाऐवजी हजारो वस्तू, शेकडो रस्ते आणि हजारो माणसं घ्या. खेळणारा मोकळा सोडलेला असल्यामुळे तो काय करील याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक 'तर काय?'चं उत्तर बनवणाऱ्यांना आधीच तयार ठेवावं लागतं.

त्यासाठी चित्रकार लागतात, संगीतकार लागतात, आवाज देणारे कलाकार आणि संवाद लिहिणारे लेखक लागतात. कॉम्प्युटरला आज्ञा लिहून देणारे प्रोग्रामर तर लागतातच. शिवाय काही माणसांचं कामच असं असतं की दिवसभर खेळायचं आणि चुका शोधायच्या. ऐकायला मजेचं वाटतं ना? पण एकाच भिंतीला शंभर वेळा, शंभर बाजूंनी धडकून बघावं लागतं. कुठून तरी भिंतीच्या आरपार जाता येतं का, हे त्यांना पाहायचं असतं!

घाई केली की या माणसांवर ताण येतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' तयार होताना कामाचे तास फार वाढल्याची २०१८ मध्ये बरीच चर्चा झाली आणि कंपनीवर टीकाही झाली. त्यामुळे तारीख पुढे गेली की वैतागणारे चाहते असतात, तसे "जाऊ द्या, त्यांनाही झोप मिळू द्या" असं म्हणणारे चाहतेही असतात. मला ही दुसरी मंडळी जास्त आवडतात.

आशा कसल्या?

चाहत्यांच्या आशा ऐकल्या तर त्यात माणसाच्या मनाचीच गंमत दिसते. शहर आधीपेक्षा मोठं असावं, ही पहिली आशा. पण जाणकार म्हणतात, "नुसतं मोठं नको, भरलेलं हवं." दहा मैल रस्ता आणि दोन्ही बाजूंना बंद दारं, असल्या शहराचं काय करायचं? चार गल्ल्या असाव्यात, पण प्रत्येक दारामागे काहीतरी असावं.

दुसरी आशा गोष्टीची. पात्रं खरी वाटावीत, त्यांचं पुढे काय होतं याची काळजी लागावी. आणि तिसरी आशा कुणी मोठ्याने बोलत नाही, पण ती सगळ्यात खोल असते. पहिल्यांदा तो खेळ बघताना जसं वाटलं होतं तसंच पुन्हा वाटावं! मामाला खरं तर व्हाइस सिटी नको असते, त्याला नेट कॅफेतली ती दुपार परत हवी असते. आता ती कुठली कंपनी आणून देणार? म्हणूनच दुसरा भाग बनवणं हे पहिल्यापेक्षा अवघड काम असतं.

आणि धास्ती कसली?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चाहत्यांचं तोंड २०२० मध्ये चांगलंच पोळलं. पोलंडच्या एका कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खुल्या जगाचा खेळ त्या वर्षी येणार होता. तारीख तीनदा पुढे गेली आणि १० डिसेंबरला तो आला. पण जुन्या यंत्रांवर तो अडखळायचा, मध्येच बंद पडायचा. शेवटी 'सोनी'ने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. कंपनीने पुढे बराच खपून तो सुधारला, लोकांनी कौतुकही केलं. पण तेव्हापासून चाहते कुठल्याही मोठ्या खेळाकडे जरा संशयानेच बघतात.

दुसरी धास्ती पैशांची. खेळ विकत घेतल्यावरही आत 'हे घ्या, ते घ्या' असं चालू राहील का? तिसरी धास्ती यंत्राची. सहावा भाग कंपनीने फक्त 'प्लेस्टेशन ५' आणि 'एक्सबॉक्स सिरीज' या यंत्रांसाठी जाहीर केला. ही यंत्रं महाग असतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतो तो आईचा किंवा बाबांचा मोबाईल! म्हणजे वाट बघणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तो खेळ नुसता दुसऱ्याला खेळताना बघणार आहेत.

पण उशीर झाला की वाईटच होतं, असं मात्र समजू नका. 'झेल्डा' मालिकेचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ मार्च २०१७ मध्ये आला आणि गाजला. दुसरा भाग बनतो आहे हे २०१९ मध्ये कळलं. आधी २०२२ साल ठरलं, मग ते वर्षभर पुढे गेलं. त्यात कळलं की नकाशा तोच, जुनाच! लोक कुजबुजले, "शिळ्या कढीला ऊत!" अखेर १२ मे २०२३ रोजी 'टीअर्स ऑफ द किंगडम' आला. जमीन तीच होती, पण वर आकाशात तरंगती बेटं होती आणि खाली अंधारं पाताळ. फळ्या आणि चाकं जोडून हवी ती गाडी बनवायची सोयही होती. ही जोडाजोड कुठे फसू नये म्हणून ते जादा वर्ष खर्ची पडलं होतं. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. कुजबुजणारे गप्प झाले!

पुण्याची राजी

हे सगळं परदेशातलंच आहे असंही नाही. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. राजी ही खेळ करून पोट भरणारी डोंबाऱ्याची पोर. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. ती त्याला शोधायला निघते आणि दुर्गादेवी तिच्या पाठीशी उभी राहते. राजस्थानी महाल, भिंतींवरची चित्रं, कळसूत्री सावल्यांनी सांगितलेली गोष्ट, असं सगळं आपल्या मातीतलं.

हा खेळ मोकळ्या भटकंतीचा नाही. वाट ठरलेलीच आहे. पण तो पुरा करताना काय काय झालं ते ऐका. २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली, तर ठरलेली रक्कम जमली नाही. संस्थापकांपैकी एका व्यक्तीने राहतं घर विकून पैसा उभा केला. अखेर खेळ आला आणि त्या वर्षी जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. लोकांनी तक्रार केली ती एवढीच, की तो फार लवकर संपतो आणि गोष्ट अर्धवट राहते. मग दुसऱ्या भागाची वाट सुरू झाली. २०२५ मध्ये 'राजी: कलियुग' जाहीर झाला तेव्हा गोष्टीचा पुढचा धागा मिळणार म्हणून चाहते सुखावले. मोठ्या कंपनीच्या हाती अब्जावधी असतात, छोट्या कंपनीच्या हाती जिद्द. वाट पाहायचीच, तर आपल्या घरच्या खेळाचीही पाहू या की!

'मोबाईलवर आला' म्हणे!

आता जरा कान देऊन ऐका, कारण पुढची गोष्ट गमतीची नाही.

जिथे गर्दी वाट बघते, तिथे खिसेकापूही येतात. जत्रेत येतात, तसेच मोबाईलवरही येतात. "जीटीए सिक्स मोबाईलवर आला, इथे दाबा, फुकट उतरवून घ्या" असे संदेश आणि व्हिडिओ फिरतात. वर सांगितलंच, की कंपनीने हा खेळ मोबाईलसाठी जाहीर केलेलाच नाही. मग ही फाईल कसली? ती सापळ्याचीच असणार.

हा सापळा कसा चालतो? फाईल उतरली की ती मोबाईलमधले संदेश वाचायची परवानगी मागते. आपण घाईत 'हो, हो' दाबत सुटतो. आता विचार करा, त्याच मोबाईलवर बाबांना बँकेचा ओटीपी येतो. त्याच मोबाईलवर आई किराणा दुकानात पैसे देते. कापूस विकून आलेली रक्कम त्याच खात्यात असते. चोराला घराचं कुलूप फोडायची गरजच राहत नाही, किल्ली आपणच त्याच्या हातात दिलेली असते.

म्हणून चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

१. खेळ मोबाईलमधल्या अधिकृत दुकानातूनच घ्यायचा, कुणी पाठवलेल्या फाईलमधून नाही. तोही मोठ्यांना विचारून.

२. साध्या खेळाला तुमचे संदेश आणि फोन नंबर कशाला हवेत? मागितले तर 'नाही' म्हणा.

३. 'फुकट', 'लगेच' आणि 'फक्त आज' हे तीन शब्द एकत्र दिसले की हात मागे घ्या.

४. चूक झालीच तर लपवू नका. ताबडतोब घरी सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

पालकांनाही एक विनंती. मुलाने चूक येऊन सांगितली तर आधी फोन लावा, रागवायचं नंतर बघू. पाठीत धपाटा बसणार हे ठाऊक असलं तर मूल गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्यातच चोराला वेळ मिळतो.

मग आम्ही खेळायचाच नाही का?

हाही प्रश्न येतोच. उत्तर सरळ आहे. पाचव्या भागावर अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठी आणि युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठी, असा शिक्का होता. औषधाच्या बाटलीवर 'मोठ्यांसाठी' लिहिलेलं असतं, तसाच हा शिक्का. त्यात मारामारी, रक्तपात, दारू आणि शिवीगाळ आहे. तो बनवणाऱ्यांनीही तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला नाही. त्याची बातमी ठेवा, तो कसा बनतो याचं कुतूहल ठेवा, पण खेळायला वय होऊ द्या. झेल्डाच्या ज्या दोन खेळांबद्दल वर वाचलंत, त्यांवर अमेरिकेत १० वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे. म्हणजे खुलं जग फक्त गुन्हेगारांचंच असतं असं काही नाही.

पालकांनो, मुलगा एखाद्या खेळाचं नाव सारखं घेत असेल तर 'बंद कर ते' म्हणण्याआधी एकदा विचारा, "काय आहे रे त्यात? दाखव बरं." पाच मिनिटं शेजारी बसलात, तर तो खेळ मुलाच्या वयाचा आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल. आणि मुलालाही वाटेल, की आपल्या गोष्टीत घरच्यांना रस आहे.

आपल्या गावाचा खेळ

वाट बघण्यात वेळ घालवण्यापेक्षा एक काम करा. एक मोठा कागद घ्या आणि स्वतःच्या गावाचा नकाशा काढा. शाळा, वेस, मारुतीचं देऊळ, बाजाराची जागा, ओढा, जुनी विहीर, सगळं दाखवा. मग ठरवा, या खेळात नायक कोण? त्याला काय शोधायचं आहे? वाटेत त्याला कोण भेटतं, दूधवाले काका की आठवडी बाजारातली भाजीवाली आजी? पाऊस आल्यावर कुठला रस्ता बंद होतो? एकच अट आहे. जे दाखवाल ते स्वतः जाऊन बघितलेलं पाहिजे. विहिरीपाशी मात्र मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जायचं, बरं का!

काही दिवसांत तुमच्या लक्षात येईल, की रोजच्या वाटेवरच्या किती गोष्टी आपण कधी धड बघितल्याच नव्हत्या. गुहेत कंदील घेऊन शिरलेल्या त्या जपानी मुलाकडे कॉम्प्युटर नव्हता, होतं ते कुतूहल. उद्या तुमच्यापैकी कुणी मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचा असा खेळ बनवला, तर जगातली पोरं आपल्या गुरुजींना विचारतील, "याचा दुसरा भाग कधी येणार?" तेव्हा मात्र तारीख तुम्हीच सांगायची आहे. जरा सांभाळून सांगा!